थंडीनं बाळाचे गाल उललेत? घासणं थांबवा, तेल अंघोळीनंतर लावा आणि ‘खाजेची ट्यूब’ लांब ठेवा

निफाड : उन्हाळ कांद्याची लागवड जोरात असते, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि त्याच दिवसांत गावातल्या तान्ह्या बाळांचे गाल उलायला लागतात. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत हे दरवर्षीचंच आहे. निफाडचा पारा या दिवसांत बऱ्याचदा १० अंशांच्या खाली जातो, काही वर्षी तर दोन-तीन अंशांपर्यंत उतरलेला आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा सकाळी सकाळी मोबाईलवर फिरतो आणि बागायतदार त्यावरून रात्रीची तयारी ठरवतो. द्राक्षमण्याला तडा जाऊ नये म्हणून एवढी धावपळ असते. घरातल्या बाळाच्या गालाला तडा गेला तर मात्र ज्याच्या हाताला जे लागेल ते लावलं जातं. कोणी साय लावतं, कोणी डाळीचं पीठ चोळतं, कोणी पावडर थापतं. काही घरांत तर मोठ्या माणसाच्या खाजेसाठी आणलेली ट्यूबच बाळाच्या गालावर जाते.

गाल उलणं हे बहुतेक वेळा साधं असतं. नीट काळजी घेतली तर आठवड्याभरात फरक पडतो. ते चिघळतं ते जास्त करून आपल्या उपायांनी, आणि त्यातला शेवटचा, म्हणजे ट्यूबचा उपाय सगळ्यात महागात पडतो.

गाल उलतो म्हणजे काय होतं?

कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधे स्निग्ध पदार्थांचा माल. हा माल शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. तान्ह्या बाळाची ही भिंत मोठ्या माणसापेक्षा पातळ असते, अजून पक्की व्हायची असते. थंडीतली हवा कोरडी, त्यात वारा. कांद्याचं रोप उपटून बांधावर ठेवलं आणि वारा लागला की पात कशी मान टाकते, तसंच या कातडीचं होतं. पाणी उडून जातं, कातडी ताठ होते, मग बारीक चिरा पडतात, लाल होते आणि झोंबते.

बाकीचं अंग दुपट्यात, कुंचीत झाकलेलं असतं. उघडा राहतो तो चेहराच. त्यातही गाल, हनुवटी आणि ओठांची कड आधी उलते, कारण तिथं लाळ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लाळ गळायला लागते, दात यायच्या वेळी जास्तच. ओली लाळ वाऱ्यानं वाळते आणि वाळताना कातडीतला ओलावाही घेऊन जाते. शिवाय लाळ अन्न पचवायला मदत करणारी असते, ती दिवसभर कातडीवर राहिली तर कातडीला खातेच. वरून आई किंवा आजी पदरानं दर दहा मिनिटांनी गाल पुसून काढते. प्रेमानं पुसते, पण पुसणं म्हणजे घासणंच.

आणखी एक कारण आपल्याकडं फार दिसतं, पण कोणी धरत नाही. ते म्हणजे मोटरसायकल. बाळाला मांडीवर घेऊन मागं बसलेली आई, तोंड उघडं, गाडी ४०-५० च्या वेगात. लसीकरणाला जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर झाले तरी त्या गालांनी सुमारे पाव तास वारा खाल्लेला असतो. जायचं असेल तर दुपारी ऊन पडल्यावर जावं, बाळाचं तोंड आपल्या छातीकडं ठेवावं आणि वरून सुती दुपट्याचा आडोसा करावा. नाक-तोंड मात्र गच्च झाकू नये, श्वासाला जागा पाहिजे.

नवजात बाळाची गोष्ट थोडी वेगळी. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगाची पातळ सालपटं निघतात. ते नैसर्गिक आहे. पोटात पाण्यात असलेली कातडी बाहेरच्या हवेला सरावत असते. ती सालं ओढून काढायची नाहीत. जन्मताना अंगावर जो पांढरा चिकट थर असतो तोही घासून काढायचा नाही, ते निसर्गानं लावून पाठवलेलं मलम आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालायला सांगते, त्यामागं बाळाला गारठा बसू नये हे मोठं कारण आहे. कमी वजनाच्या बाळाला अंघोळ कधी सुरू करायची ते तर दवाखान्यातल्या सिस्टरला विचारूनच ठरवावं.

आपल्या अंघोळीचा क्रम उलटा आहे

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी मावशी ही गावातली मोठी जाणकार बाई. तिचा हात अनुभवी असतो आणि मालिशनं बाळाला चांगली झोप लागते, तेव्हा मालिश बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण गाल उललेले असताना तिच्या पद्धतीतल्या तीन गोष्टी थांबवाव्या लागतात. कडकडीत पाणी, डाळीचं पीठ आणि पिठाची लोळी.

पाणी जेवढं गरम तेवढा कातडीतला तेलकट माल लवकर धुऊन जातो. आपली खरकटी भांडी गरम पाण्यानं लवकर निघतात, तोच हा प्रकार. बाळाचं पाणी कोमट पाहिजे. तळहातानं बघू नये, शेतात काम करून हात राकट झालेले असतात, त्यांना चटका लवकर कळत नाही. कोपर बुडवून बघावं. कोपराला कोमट लागलं की बाळाला बरोबर. अंघोळ पाच-सात मिनिटांत उरकावी. कडाक्याच्या थंडीत रोज अंघोळ घातलीच पाहिजे असं नाही. एक दिवसाआड घालून मधल्या दिवशी मान, काखा, जांघा आणि शी-शूची जागा ओल्या मऊ फडक्यानं पुसली तरी बाळ स्वच्छ राहतं. सासूबाईंना हे पटायला वेळ लागतो, पण पटतं.

डाळीचं पीठ हा खरखरीत पदार्थ आहे, आणि ते तेल शोषून घेतं. अंगाचा तेलकटपणा जावा म्हणूनच तर आपण ते लावतो. उललेल्या गालाला नेमका तो तेलकटपणाच पाहिजे असतो. लव जावी म्हणून कणकेची किंवा पिठाची लोळी गालावर, कपाळावर फिरवतात. बाळाची ती लव पहिल्या काही महिन्यांत आपोआप झडते. लोळीनं ती निघते असं वाटतं, कारण दोन्ही एकाच काळात घडतं. गोरं होण्यासाठी पीठ, साय, हळद लावणाऱ्या घरांसाठी एवढंच, की बाळाचा रंग आईबापाकडून येतो, डब्यातून येत नाही.

साबण तोंडाला लावायचाच नाही. अंगालाही बाळाचा सौम्य, कमी वासाचा, आणि तोही घाण होणाऱ्या जागांपुरता. आपल्याकडं बऱ्याच वस्त्यांवर बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. बादलीला, हिटरला पांढरा थर बसतो तो त्याचाच. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून जास्त चोळला जातो, आणि त्याचा चिकट अंश कातडीवरच राहतो. त्यामुळं बाळाच्या अंघोळीला शक्यतो नळाचं किंवा साठवलेलं हलकं पाणी वापरावं. नसेल तर साबण कमी आणि धुणं जास्त.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं तेल लावतात अंघोळीच्या आधी. मग पीठ, मग गरम पाणी, मग साबण. म्हणजे लावलेलं तेल सगळं मोरीत. नंतर कोरडं करून वरून पावडर, आणि शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी. कातडी सुकवायला यापेक्षा पक्की पद्धत शोधून सापडायची नाही. उललेल्या गालाला हाच क्रम उलटा पाहिजे. अंघोळ झाली की जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं गाल टिपून घ्यायचे, पुसायचे नाहीत. गाल अजून जरा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, वरून तेलकट पदार्थाचा पातळ हात फिरवायचा. तेल स्वतः कातडीला पाणी देत नाही, ते आतलं पाणी उडू देत नाही. म्हणून ओलं असताना लावलं तर गुण, वाळल्यावर लावलं तर निम्मा गुण गेला.

पावडर पूर्ण बंद. ती कोरडं करते, शिवाय बारीक भुकटी बाळाच्या श्वासात जाते. धुरीचंही तेच. धुरानं बाळ गरम होत नाही, त्याच्या छातीत धूर जातो. खोली उबदार करायची तर खिडकी-दाराच्या फटीला पोतं लावावं, बाळाला आईच्या अंगाशी घ्यावं. शेकोटीजवळ किंवा चुलीपुढं बाळाला घेऊन बसणंही टाळावं. शेक लागला की कातडी आणखी सुकते, आणि तेलकट झालेलं दुपटं ठिणगीनं लवकर पेट घेतं.

मग लावायचं काय?

दोन साध्या गोष्टी पुरतात. बिनवासाची पेट्रोलियम जेली, किंवा शुद्ध खोबरेल.

पेट्रोलियम जेली म्हणजे आपण ज्याला सरसकट व्हॅसलिन म्हणतो ते. कातडीतलं पाणी अडवण्यात तिच्याइतकं स्वस्त आणि जोरकस काही नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढी घ्यायची, दोन बोटांत मऊ करायची आणि दोन्ही गालांना, हनुवटीला, ओठांच्या कडेला हलकेच टेकवत लावायची. थापायची नाही. दिवसातून तीन-चार वेळा, आणि त्यातली एक वेळ बाहेर नेण्याच्या आधी, एक रात्री निजवताना. लाळ फार गळत असेल तर पाजण्याच्या किंवा भरवण्याच्या आधी ओठांभोवती पातळ बोट फिरवावं, म्हणजे लाळ कातडीला लागतच नाही. डबीत थेट बोट घालण्यापेक्षा स्वच्छ कोरड्या चमच्यानं काढलेलं बरं, एकाच डबीत घरातल्या सगळ्यांची बोटं गेली की जंतूही जातात. ऊन तापायला लागलं की हात आखडता घ्यावा, नाहीतर घामोळं येतं.

खोबरेलाचं म्हणाल तर आजीबाईंचं इथं बरोबर आहे. इसब असलेल्या लहान मुलांवर फिलिपिन्समध्ये झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताज्या खोबऱ्याच्या शुद्ध तेलानं खनिज तेलापेक्षा जास्त फायदा दिसला. पण तेल शुद्ध पाहिजे. केसांना लावायचं वासाचं, रंगाचं, औषधी मिसळलेलं तेल गालाला नको. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करावी, गॅसवर नको. काहीही पहिल्यांदा लावताना आधी दंडावर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस बघावं. लाल झालं नाही तर गालाला लावावं.

मोहरीचं तेल या कामाला नको, ते कातडीला झोंबतं आणि वरच्या थराला इजा करतं. फाटलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेलही नको, कारण उललेल्या कातडीतून खाण्याचा पदार्थ शरीरात गेला तर पुढं त्याचीच ॲलर्जी व्हायचा धोका असतो. सायीची, दुधाची तीच गोष्ट, शिवाय साय आंबते आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. लिंबू, हळद, कोरफडीचा चीक तान्ह्याच्या उललेल्या गालावर प्रयोग करून बघायच्या वस्तू नाहीत.

ओठ फुटले म्हणून मध लावतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात मधाचं बोटसुद्धा जाऊ देऊ नये. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात, ते तान्ह्याच्या आतड्यात वाढले तर बाळ लुळं पडू शकतं. टाकणखारही तसाच, तो बाळाच्या पोटात जाणं विषारी आहे. फुटलेल्या ओठांना जेलीचं पातळ बोट आणि अंगावरचं दूध वेळच्या वेळी, एवढं पुरे.

महागड्या लोशनबद्दल एक शब्द. टीव्हीवर दाखवतात तसं रोज लोशन चोळल्यानं पुढचे कातडीचे आजार टळतात असं नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १,४०० बाळांवर हे तपासलं गेलं, जन्मापासून वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही इसब टळला नाही असं २०२० मध्ये समोर आलं. कातडी कोरडी असेल तर लावणं गरजेचं. नसेल तर ते पैसे बाळाच्या आईच्या खाण्यावर खर्च केलेले चांगले.

‘खाजेची ट्यूब’ : दोन दिवसांत गाल गुळगुळीत, महिन्यानं रडारड

गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याच्या फळीवर एक अर्धवट पिळलेली ट्यूब असते. जांघेतल्या गजकर्णासाठी, खाजेसाठी कोणीतरी मेडिकलमधून आणलेली. बाळाचे गाल लाल दिसले की तीच लावली जाते. आणि गंमत म्हणजे गुण येतो. दोन दिवसांत लाली जाते, गाल मऊ होतो. म्हणून शेजारणीलाही सांगितलं जातं.

या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आणि तेही तगडं. त्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेलं असतं. स्टेरॉइड लाली दाबतं, कोरडेपणा बरा करत नाही. लावणं थांबवलं की लाली पहिल्यापेक्षा जोरात उसळते, मग परत लावा. असं महिना-दोन महिने चाललं की चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या आणि लव येते. बाळाचं वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, त्यामुळं लावलेलं औषध रक्तात मोठ्या माणसापेक्षा जास्त उतरतं. जास्त दिवस तगडं स्टेरॉइड लावलेल्या तान्ह्यांचं तोंड सुजल्यासारखं गोल होतं, वाढ खुंटते. गाल भरले म्हणून घरचे खूश असतात, आणि तो आजार असतो.

ट्यूब कोणती आहे हे ओळखायला डॉक्टर व्हायची गरज नाही. मोबाईलचा कॅमेरा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठी करून वाचा किंवा घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ती बाळाच्या तोंडाला स्वतःच्या मनानं लावायची नाही. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. अशा औषधांवर उभी लाल रेघ असते. तरी काउंटरवर ‘बाळाला काहीतरी द्या’ म्हटलं की काय हातात पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. दुकानदाराचा दोष आहेच, पण मागणारेही आपणच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. इसब असलेल्या बाळाला डॉक्टर कधीकधी सौम्य स्टेरॉइड मलम थोड्या दिवसांसाठी देतात. ते ठरल्या प्रमाणात, ठरल्या दिवसांपुरतं लावलं तर घाबरायचं कारण नाही. घाबरून मधेच सोडू नये आणि गुण आला म्हणून चिठ्ठी संपल्यावर परत आणूही नये. आधीच बरेच दिवस मनानं ट्यूब लावत असाल तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरकडं जा, लपवू नका. ती कशी बंद करायची ते तेच सांगतील.

हे साधं उलणं नाही

आठवडाभर वरची काळजी घेऊनही फरक नसेल, किंवा गाल नुसते कोरडे न राहता लालभडक होऊन त्यातून पाणी पाझरत असेल, बाळ गाल उशीला घासत असेल, रात्रभर किरकिर करत असेल, तर तो बाळाचा इसब असू शकतो. साधारण दोन-तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत तो सुरू होतो, आणि घरात कोणाला दमा, शिंका, ॲलर्जी असेल तर शक्यता जास्त. इसब उष्णतेनं होत नाही, आईच्या वांगी खाण्यानं होत नाही आणि शिवाशिवीनं पसरत नाही. आईचं जेवण तोडू नये.

गालावर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पू दिसला, लाली पसरत चालली तर जंतू शिरलेत. तेव्हा नुसती जेली उपयोगाची नाही, औषध लागतं. एकाच जागी घोळक्यानं बारीक पाण्याचे फोड आले आणि बाळ मलूल असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ओठांवर तापाचे फोड आलेल्या कोणीही, मग तो सख्खा मामा असो, बाळाचा पापा घेऊ नये. मोठ्याला दोन-चार दिवसांचा त्रास देणारा तो विषाणू तान्ह्याच्या जिवावर येतो.

तोंडाभोवती आणि शीच्या जागेभोवती दोन्हीकडं कातडी लाल होऊन सोलते आणि सोबत जुलाब, तर ती थंडी नाही, जस्ताची म्हणजे झिंकची कमतरता असू शकते. पायांवर सूज आणि कातडीचे पोपडे, केस विरळ आणि फिके, हे कुपोषणाचं लक्षण. अशा बाळाला तेल लावत बसू नये.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, यातलं काहीही असेल तर गाल बाजूला ठेवा आणि तडक रुग्णालय गाठा.

थोड्या मोठ्या, तीन-चार वर्षांपुढच्या मुलांच्या गालावर हिवाळ्यात फिकट पांढरे चट्टे दिसतात. ‘जंत झालेत’, ‘कॅल्शियम कमी आहे’ असं सर्रास सांगतात आणि टॉनिकची बाटली येते. बहुतेक वेळा तोही कोरडेपणाचाच सौम्य प्रकार असतो. तेलकट हात फिरवत राहिलं की हळूहळू, काही महिन्यांनी रंग परत येतो. चट्टा पूर्ण पांढराफेक असेल किंवा बधिर वाटत असेल तर मात्र दाखवावं.

बांधावरची झोळी

लागवडीच्या दिवसांत घरी बाळाला सांभाळायला कोणी नसतं. पेठ, सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेल्या बायांचं तर घरच शेताच्या कडेला. बाळ झोळीत, झोळी झाडाला, आणि वारा मोकळा. झोळी बांधताना वाऱ्याकडून ट्रॅक्टरची ट्रॉली, भिंत, कडब्याची गंजी असा आडोसा बघावा. लोकरीचं टोपडं घालायचं तर आतून सुती टोपडं घालावं, लोकर थेट गालाला लागली की खाजतं. लाळेरं ओलं झालं की बदलावं, तीन-चार सोबत ठेवावीत, ती धुताना पावडरचा अंश राहू नये म्हणून एक पाणी जास्त काढावं.

पाजायला येताना हात धुतले का, हे आईला कोणी विचारत नाही. हाताला खत असतं, रोपं बुडवलेलं औषध असतं, कांद्याचा रस असतो, आणि त्याच हातानं बाळाचं तोंड पुसलं जातं. बांधावर पाण्याची कळशी आणि साबणाची वडी ठेवायला मालकाचं काही जात नाही. फवारणी चालू असलेल्या बागेच्या आसपास तर झोळी नकोच.

दाखवायचं कुठं?

आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, पुढं ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. त्या भेटीत गाल दाखवून विचारावं, तिला बघायला सांगावं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. वर्षाच्या आतलं आजारी बाळ सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ नंबरची गाडी मोफत मिळते, अगदीच गंभीर असेल तर १०८.

जाण्याआधी मोबाईलवर गालाचा फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता आणि ब्युटी फिल्टर बंद करून. दोन-तीन दिवसांचे फोटो असले की वाढतंय का कमी होतंय हे डॉक्टरला लगेच कळतं. काय काय लावलं त्या डब्या, ट्यूबा, बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या. गावच्या ग्रुपवर तो फोटो टाकलात तर पाच मिनिटांत वीस उपाय येतील, आणि त्यातल्या चारांत तरी तीच ट्यूब असेल.